जिपार एजेची अर्ध्या मिनिटाची जाहिरात

"अहो, पण तुम्ही विकताय काय?"

सकाळी आमच्या रेडिओ केंद्रात पाऊल टाकलं की पहिला आवाज ऐकू येतो तो हा. जाहिरात-खोली आणि माझा स्टुडिओ यांच्यात चांगली जाड भिंत आहे, तिच्यावर जुने गालिचे ठोकलेत, तरी जिपार एजे चिडली की तिचा शब्द न् शब्द माझ्यापर्यंत येतो. आणि ती चिडते रोज. मी सैरा. डोंगरातल्या नारिन गावच्या या केंद्रावर जाहिराती वाचायचं काम माझं, लिहायचं तिचं. वयानं माझ्याहून मोठी म्हणून मी तिला एजे म्हणते, म्हणजे ताई. पण खरं सांगायचं तर तिला गावातले म्हातारेसुद्धा एजेच म्हणतात, घाबरून.

पूर्वी ती जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायची. वर्तमानपत्र बंद पडलं, तशी ती आमच्याकडे आली. बुटकी, अंगानं वाळकी, चष्मा दोरीनं गळ्यात. विचार करायला लागली की कुरुतचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा, खारट खडा गालात धरते आणि तो विरघळेपर्यंत कोणाशी बोलत नाही. खडा संपला की जाहिरात तयार. एवढं सोपं काम, तुम्ही म्हणाल. अहो, पण गिऱ्हाईक तिला ते करू देईल तर ना!

आमच्या लोकांचं काय आहे, बोलायला बसले की त्यांना आवरायला माणूस लागतो. लहानपणापासून तेच बघतो आम्ही. जेवणाच्या दस्तरखानाभोवती माणसं बसली की सगळ्यात वयस्कर माणसापासून पाळी सुरू होते. प्रत्येकानं चार चांगले शब्द बोलायचे, आशीर्वाद द्यायचा. एकालाही वगळायचं नाही. चुकून कोणी वगळला गेला, तर त्याचा नातूसुद्धा ते लक्षात ठेवतो. लग्नात, बारशात हे शोभून दिसतं. मीही बोलते, रडवते लोकांना. पण जाहिरातीत? तिथं अर्ध्या मिनिटानंतर राजधानीच्या बातम्या आपोआप सुरू होतात. यंत्रच तसं लावलंय. मी तोंड उघडं ठेवून बसले तरी ते थांबत नाही.

एकदा दातांचे डॉक्टर आले. पानभर लिहून आणलेलं. बर्फाच्या शिखरांवरची पहाट, मोत्यांसारखं हसू, पूर्वजांचं निरोगी आयुष्य. एजेनं ते वाचलं आणि चष्मा काढला. चष्मा काढला की समजावं, आता काही खरं नाही.

"डॉक्टर, तुमचा पेशंट कुठं बसलाय आत्ता?"

"घरी असेल."

"घरी गाल धरून बसलाय. रात्रभर झोपला नाही. बायकोवर खेकसतोय. त्याला तुम्ही पहाट कशाला दाखवताय? त्यानं ती उघड्या डोळ्यांनी बघितलीय!"

"पण एजे, थोडं सुंदर नको का?"

"दुखायचं थांबलं की त्याला सगळं सुंदरच दिसेल. रविवारी उघडं असतं का ते सांगा."

असतं, म्हणाले डॉक्टर. त्यांच्या त्या पानभर मजकुरात हे कुठेच नव्हतं. एजेनं कपाळावर हात मारून घेतला. मग जी जाहिरात लागली तिची सुरुवात होती, "दात दुखतोय? आम्ही रविवारीही उघडे असतो." पुढच्या रविवारी डॉक्टरांच्या दारात घोडे बांधायला जागा नव्हती.

अशा भांडणांतून तिनं एक युक्ती काढली होती. गिऱ्हाइकाला दोन कागद द्यायचे. एक छान लांबलचक भाषण, त्याच्या घरच्या पंगतीत वाचायला, त्यात सगळे काका-मामा आणि सात पिढ्या. दुसरा चार ओळींचा, रेडिओवर वाचायला. गिऱ्हाईक पहिल्यावर खूश, आणि दुसऱ्यावर त्याचा धंदा चालतो. "यांची कौतुकाची भूक वेगळी, पोटाची वेगळी," ती म्हणायची. "दोन्ही एका ताटात वाढायला गेलं की बोंब."

असं सगळ्या गावाला शहाणपण शिकवणारी बाई. तिच्या स्वतःच्या घरी काय झालं ते सांगते. आजही आठवलं की डोकं फिरतं माझं.

एजेला एकच मुलगा, एर्निस. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एर्निसच्या बरोबरीची पोरं बघाल तर निम्मी रशियात. कोणी मॉस्कोत झाडू मारतंय, कोणी येकातेरिनबुर्गला विटा उचलतंय. आयांनी भिंतीवर फोटो लावायचे आणि फोनवर हसायचं. एर्निस मात्र राजधानीत, बिश्केकला गेला आणि एका म्हाताऱ्या रशियन मिस्त्रीच्या हाताखाली विटांच्या चुली बांधायला शिकून परत आला. घर तापवायच्या चुली. आमच्याकडे हिवाळ्यात चूल बिघडली तर घर म्हणजे बर्फाचं तळघर, आणि धुरांडं तुंबलं तर सकाळी उठायचीच खात्री नाही. तेव्हा कामाला तोटा नव्हता. तोटा होता तो हा, की नारिनमध्ये असा कोणी मिस्त्री आलाय हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

शेजारच्या गावचा मेलिस म्हणून एक मुकादम पोरं गोळा करून रशियात बांधकामावर नेतो. त्यानं एर्निसला गाठलं होतं. एर्निसनं आईला सरळ सांगितलं, "आई, ऑक्टोबर संपेपर्यंत बघतो. कामं यायला लागली तर राहिलो. नाही आली तर मेलिसच्या गाडीत बसतो. इथं बसून तुझ्या पगारावर भाकरी खायची मला लाज वाटते."

ती दुसऱ्या दिवशी कामावर आली ती खिसे भरून कुरुत घेऊन. एका जाहिरातीवर मी तिला इतका वेळ बसलेली कधी पाहिली नव्हती. लिहायची, खोडायची, माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायची, परत खोडायची. "माझा पोरगा म्हणून नको वाचूस गं," माझ्यावर ओरडायची. "कोणाचा तरी पोरगा म्हणून वाच." शेवटी जे उरलं ते असं होतं:

"घरात धूर कोंडतोय? चूल पेटते पण खोली तापत नाही? एर्निस येऊन बघेल आणि त्याच दिवशी दुरुस्त करून देईल. धूर थांबला नाही तर पैसे नाहीत. नारिन आणि आसपासची गावं." मग फोन नंबर, आणि तोच नंबर परत एकदा.

मी ते वाचत असताना आमची झाडलोट करणारी बाई बादली घेऊन दारात उभी होती. "अगंबाई, माझ्याकडे अस्साच कोंडतो," ती म्हणाली. "कोण आहे हा? येईल का आज?" एर्निसला पहिलं काम मिळालं ते असं, जाहिरात लागायच्या आधीच. एजेचा चेहरा असा काही फुलला की मला वाटलं, झालं, पोरगा राहिला.

पण मधे शेरमात बाइके आले ना!

शेरमात बाइके म्हणजे एजेचे मोठे दीर; बाइके म्हणजे आमच्याकडे दादा. नवरा गेल्यापासून त्या घरचा वडीलधारा माणूस तोच. उंच पांढरी टोपी, भरदार आवाज, पूर्वी शेतकी संघाचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही हो, हेच तर दुःख आहे. वाईट असता तर दोन शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. पुतण्या धंदा सुरू करतोय कळल्यावर ते स्वतः आमच्या संचालकांकडे गेले, आठवडाभराची सकाळची वेळ स्वतःच्या नावावर घेतली, आपलीच मेंढी कापली आणि सगळ्या भाऊबंदांना जेवायला बोलावलं. वर म्हणाले, "सैरा, तूही ये. जाहिरात तिथंच वाचून दाखव. मोठ्या माणसांच्या कानावर पडू दे, आशीर्वाद मिळेल."

मी एजेला म्हटलं, "एजे, तुझी युक्ती कर. दोन कागद."

"इतरांच्या घरी करते गं," ती म्हणाली. "इथं सून आहे मी."

जेवण झालं. मी उभी राहून वाचलं. नंबर दोनदा वाचला. खाली बसले. सगळे माझ्याकडे बघतायत.

"पुढे?" शेरमात बाइके म्हणाले.

"संपलं, बाइके."

"संपलं? अगं, आपण पोराला उभा करतोय की हरवलेलं वासरू शोधतोय? 'घरात धूर कोंडतोय?' हे काय बोलणं झालं? लोकांच्या दारात जायचं आणि पहिल्याच वाक्याला त्यांच्या घरातलं वाईट काढायचं? सलाम नाही, हालहवाल नाही, कोणाचा कोण ते नाही!"

"खरंय," वयानं सगळ्यात मोठे असलेले अक्साकाल म्हणाले. पिकल्या दाढीच्या वडीलधाऱ्यांना आम्ही अक्साकाल म्हणतो. ऐंशीच्या पुढचे, कानानं अधू. त्यांनी किती ऐकलं होतं देव जाणे. पण बोलायची पाळी आता त्यांच्यापासून सुरू झाली होती आणि ती थांबवायची कोणाची टाप होती? त्यांनी कुळाच्या मूळ पुरुषापासून सुरुवात केली. शेजारच्या काकांनी बर्फाची शिखरं घातली. तिसऱ्यानं एर्निसच्या आजोबांच्या पांढऱ्या घोड्याची गोष्ट घातली. एक मामेभाऊ शिक्षक होता, त्यानं "नारिन नदीच्या लाटांइतक्या निर्मळ मनाचा" असं काहीतरी जोडलं, आणि सगळ्यांनी वा वा केलं. आणि हे सगळं लिहून कोण घेतंय? मी! मलाच बसवलं.

एजे कुठं होती? चहाच्या समोवारपाशी. त्या घरची सून, तेव्हा चहा ओतायचं काम तिचं. वाडगे येतायत, ती भरतेय, जातायत. प्रत्येकाची पाळी आली, अगदी कालपरवा लग्न होऊन आलेल्या जावयाचीसुद्धा. चहा ओतणाऱ्या बाईला पाळी नसते. त्या सगळ्या खोलीत जिला जाहिरात लिहिता येते तीच एकटी बोलली नाही.

मी तिच्याकडे बघत होते. आमच्याकडे चहाचा वाडगा निम्माच भरतात, म्हणजे तो परत परत भरता येतो आणि पाहुणा बसून राहतो. काठोकाठ भरला की समजायचं, आता उठा. एजेनं शेरमात बाइकेंचा वाडगा काठोकाठ भरला. चहा सांडेल इतका. बाइकेंनी बोलता बोलता तो घोट घोट संपवला, मिशा पुसल्या आणि वाडगा परत पुढे केला.

"झकास चहा झालाय, सूनबाई," म्हणाले.

पहिल्या दिवशी मी वाचायला बसले. संचालक साहेबांनी ताकीद दिली होती, ज्यानं वेळ घेतली त्याचाच मजकूर. मी इतक्या भरभर वाचलं की जीभ अडखळायला लागली. "सन्माननीय नारिनवासीहो! ज्यांच्या सात पिढ्यांनी या शिखरांच्या सावलीत घोडे दौडवले, त्या कुळाचा सुपुत्र, आदरणीय शेरमात अक्साकालांचा लाडका पुतण्या, नारिनच्या लाटांइतक्या निर्मळ मनाचा एर्निस आपल्या घरात ऊब नांदो, लेकराबाळांच्या गालांवर लाली राहो, या शुभेच्छांसह आपल्या सेवेत रुजू होत असून त्याचा फोन..."

टिंग टिंग टिंग. बातम्या.

दुसऱ्या दिवशी मी घोडे गाळले. शिखरं गाळायची हिंमत होईना, कारण ती ज्यांनी घातली ते काका रोज रेडिओला कान लावून बसत होते. "नंबर आहे" इथवर पोहोचले. टिंग टिंग टिंग.

आणि लोकांना केवढं आवडलं म्हणून सांगू! बाजारात शेरमात बाइकेंना माणसं थांबवून हात मिळवत होती. "काय सुंदर बोललात!" एक म्हातारी तर त्यांच्या दारात नटूनथटून आली, बरोबर दोन नातवंडं. म्हणाली, "रेडिओवर ऐकलं. पंगत कोणत्या दिवशी आहे?" तिला वाटलं एर्निसचं लग्न. बाइकेंनी तिला आत बसवून चहा पाजला. अजून दोघं-तिघं असेच येऊन जेवून गेले. चूल दुरुस्त करायला मात्र कोणी बोलावलं नाही. एर्निस फोन समोर ठेवून बसायचा आणि मधूनच उचलून बघायचा, बंद तर पडला नाही ना म्हणून.

एजेनं प्रयत्न केला. नाही असं नाही. शेरमात बाइकेंच्या दारात जाऊन, डोळे खाली घालून म्हणाली, "बाइके, नंबर आधी घेऊ या का? शिखरं नंतर."

"अगं, पाहुणा दारात आला की तू त्याला आधी नंबर सांगतेस का? आधी बस म्हणतेस."

"ते बसत नाहीत, बाइके. त्यांच्या चुलीवर दूध असतं. ते उभ्या उभ्या ऐकतात."

"मग अक्साकालांचं वाक्य काढू? तू जाऊन सांगणार त्यांना? त्यांनी तळहात उघडून आशीर्वाद दिलाय त्यात."

ती परत आली ती थेट माझ्या स्टुडिओत आणि खुर्चीत बसली. "सैरा, वीस वर्षं मी लोकांना सांगतेय. दुकानदाराला सांगितलं, पशुवैद्याला सांगितलं, त्या टकल्या आमदाराला सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. आणि माझ्याच घरी माझ्या तोंडाला कुलूप!"

"तोडून टाक की ते कुलूप. सांग त्यांना, माझा पोरगा आहे, माझी जाहिरात आहे."

"तुला बोलायला काय जातंय? तुझे दीर कझाकस्तानात."

हे खरं होतं. मग आम्ही दोघी साहेबांकडे गेलो. साहेबांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "पण शेरमात बाइकेंना विचारलंत का?" मला त्या क्षणी टेबलावरचं पेपरवेट उचलून कुठंतरी फेकावंसं वाटलं.

ऑक्टोबर संपत आला. मेलिसची गाडी एका बुधवारी पहाटे निघायची होती आणि शेरमात बाइकेंच्या आठवड्यातली शेवटची सकाळ नेमकी तीच होती.

निरोप द्यायला सगळं कुळ जमलं होतं. परत पाळी सुरू. अक्साकालांपासून. रस्ता पांढरा, म्हणजे शुभ होवो, हात भरलेले राहोत, जिथं जाशील तिथं तुझं नाव निघो. मेलिस गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. एजे पोराच्या पिशवीत भाकऱ्या कोंबत होती आणि सगळ्यांना चहा देत होती. एर्निसनं एका भाकरीचा घास घेतला, उरलेली आईनं ठेवून घेतली, तो परत येईपर्यंत ठेवायची असते तशी. सगळ्यांनी तळहात तोंडावरून फिरवले आणि गाडी निघाली. शेरमात बाइके खरोखरीच रडत होते. म्हणाले, "आम्ही काय कमी केलं? गावच कृतघ्न आहे."

एजे रडली नाही. पायांत घरातल्याच चपला, डोक्यावरचा रुमाल सुटलेला, अशी ती माझ्या स्टुडिओत शिरली. जाहिरातीला अगदी थोडा वेळ होता.

"आज माझं वाच," म्हणाली.

"एजे, तो गेला ना गं."

"माहितीय मला तो गेला! मीच भाकऱ्या बांधून दिल्या!" ती इतक्या जोरात ओरडली की काच थरथरली. "तरी वाच. आठवडाभर मी तो कचरा ऐकतेय. माझ्या पोराच्या नावावर एकदा तरी धड वाक्य जाऊ दे हवेतून. कोणाच्या उपयोगाचं नसलं तरी जाऊ दे."

साहेबांनी मला काढून टाकलं असतं तरी चाललं असतं, इतकी संतापले होते मी. दिवा लागला आणि मी वाचलं. "घरात धूर कोंडतोय? चूल पेटते पण खोली तापत नाही?" सावकाश वाचलं. नंबर दोनदा वाचला. तरी वेळ उरला, म्हणून नंबर तिसऱ्यांदा वाचला. काचेपलीकडे साहेब लालबुंद होऊन हातवारे करत होते. एजे त्यांना पाठ करून उभी होती. बातम्या लागल्या तेव्हा ती म्हणाली, "हं. असं असायला पाहिजे होतं," आणि आपल्या खोलीत जाऊन बसली. एका मेंढपाळाची घोंगड्यांची जाहिरात लिहायची होती, ती पुढ्यात घेऊन नुसतीच बघत राहिली.

मी चहा घेऊन तिच्याकडे गेले. साहेबांचं ओरडणं खाऊन झालं होतं. चहा तिच्यापुढेच गार झाला. मग तिचा फोन वाजला. एर्निस. मी ऐकावं म्हणून तिनं तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. पोराचा आवाज ऐकताना ती एकटी नको होती, दुसरं काय.

"आई, कोचकोरला पोहोचलो. गाडी चहाला थांबलीय. आई, तू काय केलंस?"

"काय केलं?"

"घाटात रेंज नव्हती. खाली उतरलो तर फोन वेड्यासारखा वाजायला लागलाय. धूर कोंडतोय म्हणतात. दोबोलू गावची बाई आहे, शाळेची मुख्याध्यापिका आहे, कोणी तीन चुली आहेत म्हणतंय. मेलिस ओरडतोय की फोन बंद कर. मी काय सांगू यांना?"

एजे उठून उभी राहिली. खुर्ची मागे पडली.

"गाडीतून उतर," ती म्हणाली.

"काय?"

"पिशवी घे आणि उतर. रस्ता ओलांड आणि पलीकडे उभा राहा. इकडे येणारी गाडी येईल तीत बस."

"आई, असं कसं? सगळ्यांनी आशीर्वाद देऊन पाठवलंय. अक्साकालांनी हात उघडलेत. अर्ध्या रस्त्यातून मागे फिरलो तर मोठे काका काय म्हणतील? असं फिरायचं नसतं."

"सगळ्यांनी पाठवलं असेल तुला," एजे म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता, तिचा वाटतच नव्हता. "मी नाही पाठवलं. मला कोणी विचारलं? मी चहा ओतत होते."

पलीकडून नुसता गाडीचा हॉर्न. मेलिसचा असणार. मग एर्निस म्हणाला, "आई, थांब, दुसरा फोन येतोय," आणि आम्हाला तसंच लोंबकळत ठेवून गेला.

बाई गं, काय ते थांबणं! एजे फोनकडे बघत होती आणि मी एजेकडे. बाहेर साहेब कोणाला तरी सांगत होते की बायकांना डोक्यावर बसवून ठेवलंय. फोनमधून बारीक टक् टक् येत होतं. एजेनं पडलेली खुर्ची सरळ केली, बसली नाही.

"आई?"

"आहे मी."

"दोबोलूची तीच बाई होती. परत फोन केला तिनं. घरात लहान मूल आहे, चूल पेटवता येत नाही म्हणाली." त्याला धाप लागली होती, चालत असावा. "तिला सांगितलंय, उद्या सकाळी येतो म्हणून."